उपाध्यक्षपद नाकारले, पण नियम बदलून घेतले!

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी आपल्याकडील प्रस्थापित वृत्तपत्रे रकानेच्या रकाने छापतात. उमेदवारांच्या वादसभा, त्यांच्या पत्नींचे पोशाख, भारतीय वंशाचा माणूस कोणाच्या कार्यालयात बसला आहे याची मोजदाद, यातले काही म्हणून सुटत नाही. परंतु चळवळीतल्या माणसाने ज्यावर आवर्जून विचार करावा असा एक प्रश्न नेमका मागे पडतो. पक्षांतर्गत लढाई कडाक्याची झाली, एकमेकांवर नको नको ते आरोप झाले, एक जिंकला, दुसरा हरला. आता जिंकलेल्याने उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडायचा आहे. हरलेल्याच्या पाठीशी लाखो मतदार आहेत आणि ते दुखावलेले आहेत. त्याला सोबत घ्यायचे की नाही? आणि तो हरलेला माणूस कृष्णवर्णीय असेल, त्याचे मतदार पिढ्यान्‌पिढ्या लाथाडलेले असतील, तर काय होते? १९८८ साली डेमोक्रॅटिक पक्षात जे झाले त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

आधी पद्धत समजून घेऊ. तेथे पक्षाचा उमेदवार हायकमांड ठरवत नाही. राज्याराज्यांत पक्षांतर्गत निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मतदारांच्या सभा होतात, त्यांना कॉकस म्हणतात. त्यातून प्रतिनिधी ठरतात आणि राष्ट्रीय अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. इथपर्यंत लोकशाही आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला मात्र कोणीही मतदार निवडत नाही. जिंकलेला उमेदवार दोन-चार विश्वासू माणसांना घेऊन बसतो, यादी करतो, त्यातले एक नाव ठरवतो आणि अधिवेशन माना डोलावते. १९५६ साली स्टीव्हनसन यांनी ही निवड अधिवेशनावर सोपवली होती. त्या मतदानात केफॉव्हर यांनी तरुण केनेडींना हरवले. तसा प्रयोग पुन्हा कोणी केला नाही. थोडक्यात, पहिली खुर्ची मतांनी मिळते आणि दुसरी खुर्ची मर्जीने मिळते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा.

रेव्हरंड जेसी जॅक्सन हे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तालमीत वाढलेले कार्यकर्ते. १९८४ साली ते पहिल्यांदा प्रायमरीत उतरले तेव्हा त्यांच्याच समाजातल्या अनेक जुन्या पुढाऱ्यांनी नाके मुरडली. निवडून येणार नाही तर उभे कशाला राहायचे, हा त्यांचा सवाल. हा सवाल आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. जॅक्सन उभे राहिले आणि ३० लाखांहून अधिक मते घेऊन तिसरे आले. त्या मोहिमेत ज्यू समाजाविषयी त्यांच्या तोंडून अनुदार शब्द गेले होते आणि त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली, हेही सांगितले पाहिजे. परंतु मुद्द्याची गोष्ट वेगळीच होती. त्यांना सुमारे १८ टक्के मते पडली आणि अधिवेशनात त्यांच्या बाजूने प्रतिनिधी उभे राहिले ते साधारण १२ टक्के. मधले टक्के कोठे गेले? नियमांच्या पुस्तकाने खाल्ले. २० टक्क्यांहून कमी मते पडली की त्या मतदारसंघात प्रतिनिधी शून्य, असा एक नियम होता. काही राज्यांत मतदारसंघात पहिला येईल त्यालाच सगळे प्रतिनिधी, अशी पळवाट होती. वरून पक्षाचे खासदार आणि पदाधिकारी हे कोणाचीही मते न घेता प्रतिनिधी होऊन बसत. त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. त्या वर्षी उमेदवार झालेल्या मॉन्डेल यांनी जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मोठ्या पक्षाच्या जोडीत स्त्री पहिल्यांदाच आली, ही चांगलीच गोष्ट झाली. जॅक्सन यांचे लक्ष मात्र त्या टक्क्यांवर होते.

१९८८ मध्ये ते पूर्ण तयारीनिशी आले. ८ मार्चच्या 'सुपर ट्यूसडे'ला त्यांनी अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया ही दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली. ज्या मिसिसिपीत मतदार यादीत नाव घालायला गेले म्हणून माणसे मारली गेली, तेच हे राज्य. २६ मार्चला मिशिगनमध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना जवळजवळ दुप्पट मतांनी मागे टाकले. कारखान्यातले गोरे कामगार आणि कर्जबाजारी शेतकरी त्यांच्या सभांना येऊ लागले. तेव्हा पत्रपंडितांना एकच प्रश्न पडला, जॅक्सनला हवे तरी काय? जो माणूस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा आहे त्याला काय हवे असणार! हा प्रश्न डुकाकिस यांना कोणी विचारला नाही, अल गोर यांनाही विचारला नाही. एप्रिलमध्ये न्यू यॉर्कची प्रायमरी आली तेव्हा तेथील महापौर एड कॉच यांनी, ज्यू माणसाने जॅक्सनला मत देणे म्हणजे वेडेपणा आहे, अशा अर्थाचे विधान केले. प्रचाराची पातळी पार घसरली. राज्य डुकाकिस यांनी जिंकले, पण खुद्द न्यू यॉर्क शहरात जॅक्सन पुढे होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात डुकाकिस यांच्याकडे बहुमत जमले. जॅक्सन यांना सुमारे ७० लाख मते मिळाली होती आणि ते निर्विवाद दुसरे होते.

दुसरा आलेला माणूस दुसरी खुर्ची मागतो, यात गैर काय? जॅक्सन यांनी जाहीरपणे सांगितले की आपला विचार झाला पाहिजे. डुकाकिस यांनी ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, जॅक्सन दांपत्याला आपल्या घरी जेवायला बोलावले. जेवण झाले, आतषबाजी पाहून झाली, मुद्द्याचे बोलणे काही झाले नाही. १२ जुलैला टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंटसन यांचे नाव जाहीर झाले. आणि ही बातमी जॅक्सन यांना कोणी सांगितली? वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरल्यावर एका वार्ताहराने! डुकाकिस यांच्या लोकांनी हॉटेलवर फोन लावला होता, तोवर जॅक्सन निघून गेले होते, असा खुलासा करण्यात आला. ७० लाख मते घेणाऱ्या माणसाला एक निरोप वेळेवर पोचवता येत नाही? ही चूक असेल तर ती कोणाच्या बाबतीत होते आणि कोणाच्या बाबतीत होत नाही, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जॅक्सन यांनी त्यानंतर जे सुनावले त्याचा आशय असा होता की, मळ्यात राबून मतांचा कापूस आम्ही वेचायचा, गठ्ठे बांधून वाड्यावर नेऊन टाकायचे आणि शाबासकी घेऊन परतायचे. आणि ज्यांनी बोंडही वेचले नाही त्यांनी वाड्यात बसून निर्णय घ्यायचे, हे चालणार नाही.

डुकाकिस यांच्या बाजूने असे सांगितले गेले की ही १९६० सालची पुनरावृत्ती आहे. तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्सासच्या जॉन्सन यांना जोडीला घेतले आणि निवडणूक जिंकली. आता पुन्हा मॅसॅच्युसेट्स अधिक टेक्सास. हिशेब वरवर बरोबर दिसतो. परंतु जॉन्सन कोण होते? ते १९६० साली उमेदवारीच्या लढाईत केनेडींच्या विरोधात उभे होते आणि अधिवेशनात दुसरे आले होते. केनेडींच्या गोटातल्या अनेकांना ते डोळ्यांसमोर नको होते, तरीही केनेडींनी त्यांना घेतले. १९८० साली रिपब्लिकन पक्षात रेगन यांनी जॉर्ज बुश यांना घेतले. रेगन यांचे अर्थकारण म्हणजे जादूटोणा आहे अशी टर उडवणारे हेच बुश, आणि तेही दुसरे आलेले. तेव्हा १९६० ची नक्कलच करायची होती तर ती नकाशावरची का केली? दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला सोबत घेण्याची का केली नाही? बेंटसन त्या वर्षी प्रायमरीत उतरलेलेही नव्हते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाही तर आपले म्हणणे लंगडे पडेल. दुसरा आला म्हणून उपाध्यक्षपदावर हक्क पोचतो असा नियम अमेरिकेत नाही. १९७६ साली फोर्ड यांनी रेगनना घेतले नाही, १९८४ मध्ये मॉन्डेल यांनी दुसऱ्या आलेल्या हार्ट यांना घेतले नाही. हे सगळे गोरेच होते. तेव्हा केवळ नाकारले म्हणून आरोप करता येणार नाही. आक्षेप असा की, डुकाकिस यांना जॅक्सनचे मतदार हवे होते आणि जॅक्सन दिसायला नको होते. मते गृहीत धरायची आणि माणूस झाकून ठेवायचा, या व्यवहाराचे आपल्याकडे वेगळे वर्णन करायला नको. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागांसाठी प्राथमिक निवडणुकीची तरतूद केली होती. अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि त्यातला एक संयुक्त मतदारसंघाने निवडायचा. यादी आमची, पसंती त्यांची! बाबासाहेबांनी पुढे त्या कराराची जी चिकित्सा केली तिचा गाभाच हा होता की शेवटची निवड ज्याच्या हाती, प्रतिनिधी त्याचा होतो. डुकाकिस यांच्या यादीतही जॅक्सन यांचे नाव होतेच.

मग जॅक्सन यांनी काय केले? शिकागोहून अटलांटापर्यंत बसगाड्यांचा ताफा घेऊन ते अधिवेशनाला निघाले. वाटेत सभा होत होत्या, समर्थक संतापलेले होते, आणि हे लोक अधिवेशन उधळणार या भीतीने पक्षाचे धुरीण कासावीस झाले होते. ती भीती हेच जॅक्सन यांचे भांडवल होते. त्यांच्या वतीने वाटाघाटी करायला रॉन ब्राऊन हे कृष्णवर्णीय वकील बसले. १८ जुलैला सकाळी डुकाकिस, बेंटसन आणि जॅक्सन एका टेबलावर न्याहारीला बसले आणि नंतर तिघेही पत्रकारांसमोर आले. फोटो सगळ्यांनी छापला. त्या फोटोमागे जो सौदा होता त्याची किंमत कळायला पुढे वीस वर्षे लागली.

सौद्यात जॅक्सन यांना प्रचारासाठी विमान मिळाले, पक्षाच्या राष्ट्रीय समितीत त्यांच्या माणसांना जागा मिळाल्या. जाहीरनाम्यात दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला दहशतवादी राज्य म्हटले गेले. श्रीमंतांवर कर वाढवण्याचा त्यांचा ठराव मात्र अधिवेशनाने फेटाळला. आणि या सगळ्याच्या जोडीला एक रुक्ष कलम होते, ज्याकडे वार्ताहरांनी फारसे पाहिले नाही. पुढच्या निवडणुकीपासून सर्व राज्यांत मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतील, पहिला येणाऱ्याला सगळे प्रतिनिधी देण्याची पळवाट बंद होईल आणि सुपरडेलिगेटांची संख्या कमी होईल. दुसऱ्या दिवशी रात्री जॅक्सन बोलायला उभे राहिले. त्यांनी रोझा पार्क्स यांना मंचावर आणले. सभागृहात लोक रडत होते. मतदानात त्यांच्या बाजूने १२०० हून अधिक प्रतिनिधी उभे राहिले.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीला ही वाट नवी नव्हती. १९६४ मध्ये अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांनी आपले स्वतंत्र प्रतिनिधी मंडळ आणले होते, कारण राज्यातल्या अधिकृत मंडळात सगळे गोरे होते. फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईने तुरुंगात झालेल्या मारहाणीची हकिगत सर्व देशाला दूरचित्रवाणीवरून ऐकवली. तेव्हा उपाध्यक्षपदासाठी ह्युबर्ट हम्फ्री यांचे नाव चर्चेत होते आणि हे भांडण मिटवण्याचे काम राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांच्याकडेच सोपवले होते. म्हणजे हम्फ्रींची खुर्ची मिसिसिपीच्या माणसांना गप्प करण्यावर अवलंबून! दोन जागा घ्या आणि मुकाट बसा, असा तोडगा निघाला. हेमर आणि त्यांच्या साथीदारांनी तो धुडकावला. हम्फ्रींना उमेदवारी मिळाली. मात्र यापुढे वर्णभेद पाळणाऱ्या राज्य शाखेला अधिवेशनात बसू देणार नाही, हा शब्द पक्षाला त्याच वेळी द्यावा लागला आणि १९६८ साली मिसिसिपीच्या जुन्या मंडळाला बाहेर बसावे लागले.

आता १९८८ च्या नोव्हेंबरचा निकाल पाहा. ज्या टेक्साससाठी बेंटसन यांना घेतले तेथे बुश जिंकले आणि टेक्सासची २९ इलेक्टोरल मते त्यांना गेली. गंमत अशी की टेक्सासच्या कायद्याप्रमाणे बेंटसन त्याच दिवशी सिनेटसाठीही उभे होते आणि त्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना भरघोस मतांनी निवडून दिले! आमचा सिनेटर म्हणून तू हवास, पण तू ज्याला घेऊन आलास तो नको, असा तो कौल. देशभरात बुश यांना ४२६ इलेक्टोरल मते आणि डुकाकिस यांना १११. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदाराला चुचकारण्यासाठी घेतलेला जोडीदार दक्षिणेतले एकही राज्य देऊ शकला नाही. जॅक्सन जोडीला असते तर डुकाकिस जिंकले असते, असा आमचा दावा नाही. कदाचित ते अधिक मोठ्या फरकाने हरले असते. पण 'व्यवहार' म्हणून जो शहाणपणा सांगितला गेला तो व्यवहाराच्या कसोटीवरही उतरला नाही.

डुकाकिस त्यांच्या राज्यात परतले. उपाध्यक्षपदाची उमेदवारी निवडणुकीच्या रात्रीच संपली. ती जॅक्सन यांना मिळाली असती तरी त्याच रात्री संपली असती. नियम मात्र राहिले. फेब्रुवारी १९८९ मध्ये रॉन ब्राऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. मोठ्या पक्षाच्या अध्यक्षपदी बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९९२ पासून प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जाऊ लागले.

आणि २००८ साल उजाडले. हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मोठमोठी राज्ये हिलरींनी जिंकली. पहिला येईल त्याला सगळे, हा जुना नियम असता तर ओबामांची कथा तेथेच आटोपली असती. परंतु प्रमाणाचा नियम असल्यामुळे हरलेल्या राज्यातूनही ओबामांना त्यांचा वाटा मिळत गेला. न्यू जर्सी जिंकून हिलरींना ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहोसारख्या चिमुकल्या राज्यातून ओबामांनी १२ ची आघाडी घेतली. लढाई १९८८ पेक्षाही लांबली आणि कडवट झाली. हिलरींची मते सुमारे १ कोटी ८० लाख. त्यांना उपाध्यक्षपद द्या म्हणून त्यांच्या समर्थकांनी दबाव आणला. ओबामांनी जो बायडेन यांना निवडले, आणि जिंकल्यावर हिलरींना परराष्ट्रमंत्री केले. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये गर्दीत उभ्या असलेल्या जेसी जॅक्सन यांच्या गालावरून अश्रू ओघळताना जगाने पाहिले. वृत्तवाहिन्यांनी त्याला भावनेचा क्षण म्हटले. तो होताच. पण त्या विजयाच्या पायात अटलांटातल्या त्या रुक्ष कलमाचा दगड होता, हे किती जणांनी सांगितले?

यावर कोणी म्हणेल की खुर्चीलाही किंमत असते. असते. २०१९ च्या वादसभेत कमला हॅरिस यांनी शाळकरी मुलांच्या बसप्रवासाच्या आणि वर्णभेदाच्या प्रश्नावर बायडेन यांना भर सभेत घेरले होते; तरीही ऑगस्ट २०२० मध्ये बायडेन यांनी त्यांनाच जोडीला घेतले आणि त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. बायडेन यांची बुडती नाव फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी वाचवली होती, त्या ऋणाची ही परतफेड होती. मात्र हॅरिस यांनी स्वतः एकाही प्रायमरीपर्यंत मजल मारली नव्हती. त्या डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये बायडेन यांनी माघार घेतली तेव्हा उमेदवारीही अशीच, प्रायमरीवाचून, त्यांच्याकडे चालत आली आणि नोव्हेंबरमध्ये त्या ट्रम्प यांच्याकडून पराभूत झाल्या. त्यांच्या कर्तृत्वाला आम्ही कमी लेखत नाही. पण वरून मिळालेल्या खुर्चीच्या पाठीशी खालून बांधलेले संघटन किती होते, हा प्रश्न त्या पराभवानंतर उरतोच. जॅक्सन यांची गोष्ट याच्या बरोबर उलटी होती. त्यांच्याकडे संघटन होते आणि खुर्ची नव्हती.

अटलांटातल्या सौद्याचा एक हिशेब अजून राहिला. सुपरडेलिगेट कमी करण्याचे जे वचन दिले होते ते पक्षाने पुढे गुपचूप मागे घेतले. वाड्यातल्या लोकांनी वाड्याची किल्ली अशी सहजासहजी सोडली नाही. १९८८ साली व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टन या छोट्या शहराच्या गोऱ्या महापौराने जॅक्सन यांना जाहीर पाठिंबा दिला होता. त्याचे नाव बर्नी सँडर्स. २०१६ मध्ये सँडर्स स्वतः हिलरींविरुद्ध प्रायमरीत उतरले, शेवटपर्यंत भांडले, दुसरे आले. हिलरींनी उपाध्यक्षपदासाठी टिम केन यांना निवडले. सँडर्स यांच्या लोकांनी पक्षाकडून नियम सुधारण्यासाठी आयोग मागून घेतला. २५ ऑगस्ट २०१८ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ठराव केला की चुरशीच्या निवडीत पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत देता येणार नाही. ही बैठक शिकागोत झाली. तीस वर्षांपूर्वी जॅक्सन यांच्या बसगाड्या याच शहरातून सुटल्या होत्या.